एक्स्टेंडरला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, तर तिथे प्रिंटरचं पान उघडतंय. मदत हवी आहे

मंडळी, राऊटर बाहेरच्या खोलीत आहे (१९२.१६८.१.१). आईच्या खोलीत रेंज पोचत नाही म्हणून वायफाय एक्स्टेंडर लावला. नेट चालतं, पण त्याचं सेटिंगचं पान उघडायचं म्हटलं की शोधाशोध. आज पत्ता .१०३ (म्हणजे १९२.१६८.१.१०३), तर लाइट जाऊन आली की .११२. म्हणून गेल्या आठवड्यात एक्स्टेंडरमध्येच स्टॅटिक (न बदलणारा पत्ता) निवडून भरलं: आयपी १९२.१६८.१.१०५, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (नेटकडे जायची वाट, म्हणजे राऊटर) १९२.१६८.१.१.

दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर समोर प्रिंटरचं पान, शाईची पातळी दाखवणारं! प्रिंटर बंद केला की एक्स्टेंडर सापडतो.

मग एक्स्टेंडर परत डीएचसीपीवर (आपोआप पत्ते वाटायची सोय) आणून राऊटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन केलं, म्हणजे त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला. मागच्या स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाची ओळख, अक्षर-अंकांच्या सहा जोड्या) नीट बघून घातला, तरी तो आयपी मिळाला नाही. राऊटरच्या यादीत मॅकची पहिली जोडी वेगळीच दिसते.

आईचे गुडघ्यांचे व्यायाम रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर असतात, त्यामुळे फार प्रयोग करायची भीती वाटते. स्टॅटिक ठेवू की रिझर्व्हेशन? आणि एक्स्टेंडरमधला डीएचसीपी सर्व्हर चालू हवा की बंद?

प्रतिसाद:
१०५ हा राऊटर स्वतः वाटतो त्या पत्त्यांपैकीच आहे. तुम्ही तो परस्पर घेतलात, राऊटरकडे नोंद नाही, म्हणून त्याने मोकळा समजून प्रिंटरला दिला. राऊटरच्या डीएचसीपी पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता बघा. १०० ते १९९ असेल तर एक्स्टेंडरला .२५० द्या. २ ते २५४ असेल तर आधी शेवट २४० वर आणा, मग .२५० द्या.

रिझर्व्हेशन करायचंच असेल तर स्टिकरवरचा नाही, राऊटरच्या यादीतला मॅक घाला. वायरलेसने जोडलेला एक्स्टेंडर बरेचदा राऊटरला वेगळा मॅक दाखवतो. म्हणून मी तरी स्टॅटिकच ठेवेन.

एक्स्टेंडरमधला डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच हवा. नाहीतर एखाद्या दिवशी आईंच्या फोनला चुकीचा गेटवे मिळेल: वायफाय फुल, नेट शून्य.

सेव्ह केल्यावर पान अडकल्यासारखं दिसेल. घाबरू नका, नवा पत्ता टाका.

धागाकर्ता:
१०० ते १९९ च निघाला. .२५० दिला, डीएचसीपी बंद केला. प्रिंटर चालू ठेवून, एक्स्टेंडरचा प्लग काढून-घालून पाहिलं, प्रत्येक वेळी पान उघडलं. मनापासून आभार! एकच शंका: उद्या राऊटर बदलला आणि त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असला तर?

प्रतिसाद:
तेव्हा .१.२५० चं पान नव्या नेटवर्कमधून उघडणार नाही. जुना राऊटर काढायच्या आधीच एक्स्टेंडर डीएचसीपीवर आणून ठेवा, नवा लागला की .०.२५० द्या. ते राहून गेलं तर मात्र रिसेट करून पहिल्यापासून जोडावा लागेल.