प्रतिसाद: माइनक्राफ्टचा अल्बम आणि पनवेल लोकल

'गेमचं संगीत गेमशिवाय अर्धवट वाटतं' हे वरच्या प्रतिसादातलं मत मला पटलं नाही. निदान माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचं जग खोदत-बांधत खेळायच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत तरी.

खेळताना तिथे संगीत सतत वाजत नाही. बराच वेळ नुसती शांतता, दगड फोडल्याची टकटक, आणि मग अचानक पियानोचे दोन-चार स्वर येतात. हात थांबतो क्षणभर. हा अनुभव अल्बममध्ये मिळणार नाही, मान्य. पण गेमचा संगीतकार सी-४१८ म्हणजे डॅनियल रोझेनफेल्डने २०११ साली काढलेला 'व्हॉल्यूम अल्फा' ही गेममधल्या तुकड्यांची गोळाबेरीज नाही. त्यात गेममध्ये कधीच न वाजणाऱ्या रचनाही आहेत. कितीही तास खेळा, त्या कानावर पडायच्या नाहीत!

अल्बम तासाभराचा, आणि ठाण्याहून पनवेलला जायला मला जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे मध्ये काही न वगळता, क्रमाने ऐकते. त्यातली 'स्वीडन' ही रचना लागते तेव्हा गाडी बेलापूरच्या आसपास असते. पावसाळ्यात काचेवरून पाण्याचे ओघळ सरकत असतात, पलीकडे डोंगर धूसर झालेला, आणि पियानोमागून हळूच तंतुवाद्यांचे सूर वर येतात. तेव्हा मला गेममधलं घर आठवत नाही, समोरचा डोंगरच दिसतो. संगीत स्वतःच्या पायावर उभं आहे म्हणूनच हे होतं ना?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२५ मध्ये हा अल्बम जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला, याचा मला मनापासून आनंद झाला.

एकदा हेडफोन लावून, गेम बंद ठेवून, सलग ऐकून बघा.