‘रेक’ला मराठीत काय म्हणाल? बाहेरख्याली, रंगेल की छंदीफंदी?

गोदाकाठ:
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काही दिवस वाचायचं नाही. म्हणून रोज दुपारी जेवणं उरकली की इंग्रजी रीजन्सी कादंबरी, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली प्रेमकथा, घेऊन बसते आणि तिथल्या तिथे मराठी करून तिला सांगते. काल नायक आला. पुस्तकात त्याला ‘रेक’ म्हटलंय. मी ‘बाहेरख्याली’ म्हणून मोकळी झाले. आई उठूनच बसली. “अशा माणसाला पोरगी द्यायची? मग नको मला ही गोष्ट.” आता लग्न त्याच्याशीच व्हायचंय आणि ते सुखाचं होणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं. त्या खात्रीसाठीच तर आपण ही पुस्तकं हातात घेतो. माझ्या एका शब्दाने ती खात्रीच गेली. माणूस वाया गेलेला आहे हे कळेल, पण त्याला परतीची वाट राहील, असा शब्द हवाय.

ठाणेकर:
रेक म्हटलं की मला बारा डब्यांची लोकल आठवते. ‘रंगेल’ म्हणा की! आमच्या एका काकांना अख्खं गाव रंगेल म्हणायचं. कडक इस्त्रीचा झब्बा, कानात अत्तराचा फाया, तमाशाला पहिली रांग. पण काकू त्यांच्यावर शेवटपर्यंत खूश होत्या.

जुनी वही:
रंगेल फार सौम्य झाला. ‘रेक’ हे ‘रेकहेल’चं तोकडं रूप. शेतातलं दाताळं घेऊन नरक उकरला तरच असा माणूस हाती लागेल, इतका वाईट. माझी आजी ‘छंदीफंदी’ म्हणायची तेव्हा त्यात जुगार, कर्ज आणि बाई तिन्ही आलं. रीजन्सीतल्या रेकचेही तेच तीन छंद. शिवाय छंद सुटू शकतो. तुम्हाला हवी ती वाट त्यातच आहे.

पिंपळपान:
आणि ‘गुलछबू’?

जुनी वही:
तो डँडी. दोन्ही वेगळे. त्या काळचा लंडनचा प्रसिद्ध नटवा ब्यू ब्रमेल गळ्यातल्या रुमालाच्या चुण्यांवर तास तास घालवायचा. तो गुलछबू. १८१६ मध्ये कर्जापायी फ्रान्सातल्या कॅलेला पळाला खरा, पण म्हणून तो रेक ठरत नाही.

अनुस्वार:
बाहेरख्याली, गुलछबू... सगळी फारसी-अरबी उसनवारी. ‘स्वैराचारी’ हा आपला शब्द कुठे गेला?

पिंपळपान:
डोळ्यावर पट्टी असलेल्या आईला स्वैराचारी ऐकवायचं? तो अग्रलेखाचा शब्द आहे. ‘ख्याल’ अरबीतून आला म्हणून काय किशोरीताईंचं गाणं परकं झालं?

अनुस्वार:
गाण्याचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. उद्या अशा वाचनालाही ‘कम्फर्ट रीड’च म्हणाल. आपल्याकडे ‘विरंगुळा’ आहे ना! मला तर त्या शब्दात ‘विरणं’ ऐकू येतं. दुःख हळूहळू विरत जातं, तो विरंगुळा.

जुनी वही:
विरतं ते कापड. व्युत्पत्ती कानाने ठरत नाही हो.

सांजवात:
मला मात्र ‘विरंगुळा’ पुरत नाही. विरंगुळा पत्ते खेळूनही होतो. बाबा गेले त्या वर्षी रात्री अडीच-तीनला जाग यायची. नवीन काही वाचवत नव्हतं, बातम्या तर नाहीच. तेव्हा एकच जुनी रीजन्सी कादंबरी मी सात-आठ वेळा वाचली. लंडनच्या आल्मॅक्समध्ये बुधवारचं नृत्य आहे, बड्या बायकांनी परवानगीची चिठ्ठी दिल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि एवढं सगळं करून खायला पातळ ब्रेड-बटर आणि लिंबाचं सरबत! त्या पानाशी आले की श्वास जागेवर यायचा. तिथे कुणी मरणार नाही हे माहीत होतं. त्याला मी ‘आधार’ म्हणेन. आई ‘विसावा’ म्हणाली असती.

ठाणेकर:
विसावा म्हटलं की अंत्ययात्रा वाटेत टेकवतात ती जागा आठवते. आमच्याकडे हाच अर्थ.

सांजवात:
आमच्याकडे वारीतला. पालखीचा विसावा.

पिंपळपान:
मुळात ‘रीजन्सी’ला काय म्हणायचं? बारभाई?

जुनी वही:
नाही. सवाई माधवराव चाळीस दिवसांचे पेशवे होते म्हणून बारभाईंनी कारभार पाहिला. इथे तिसरा जॉर्ज म्हातारा आणि भ्रमिष्ट झालेला, म्हणून १८११ ते १८२० थोरल्या मुलाने त्याच्या नावाने राज्य चालवलं. राजप्रतिनिधी म्हणा फार तर. काळ मात्र आपल्याही ओळखीचा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या राजप्रतिनिधीची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात गेली. तिकडे त्यांची गादीची वारस गेली, इकडे आपली पेशवाई निघाली होती.

अनुस्वार:
या कादंबऱ्यांत खडकी कुठेच नसते, हेच मला सलतं.

सांजवात:
मलाही सलतं. तरी वाचते.

गोदाकाठ:
आज ‘छंदीफंदी’ म्हणून पाहिलं. आई जरा थांबली, मग म्हणाली, “कर्ज किती आहे त्याच्यावर?” म्हणजे गोष्ट पुढे सरकली. पण आता नवीनच अडचण आलीय. दोघं पाच मिनिटं बागेत एकटी सापडली, तर मुलगी ‘रुइन्ड’. ‘नासली’ म्हणायला जीभ रेटत नाही, ‘बदनाम’ म्हटलं तर तिनेच काही केल्यासारखं वाटतं. ‘नाव गेलं’ चालेल का? उद्या दुपारी दोनपर्यंत सांगा.