मदत हवी आहे: एचबीबी या बीटा-ग्लोबिन जनुकातल्या आयव्हीएस १-५ या बदलाची समाजवार वारंवारता कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) तक्ता करतोय. जुना 'आयव्हीएस १-५ जी>सी' (डीएनएत जी अक्षराच्या जागी सी) म्हणजे आजच्या नावाने सी.९२+५जी>सी, डीबीएसएनपीत (जनुकीय बदलांना क्रमांक देणारा डेटाबेस) आरएस३३९१५२१७. घोळ असा, की त्याच क्रमांकाखाली जी>ए आणि जी>टी हेही आहेत. त्यात एचबीबी डीएनएच्या उलट्या धाग्यावर, म्हणून सुलटा धागा दाखवणाऱ्या जीनोम ब्राउझरमध्ये हाच बदल सी>जी दिसतो. मुलं इथे हमखास फसतात. क्लिनव्हारमध्ये (बदल आणि आजार यांचा संबंध नोंदवणारा डेटाबेस) एनएम_०००५१८ हा ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) धरून शोधलं की नेमकी नोंद मिळते, तिथवर ठीक.

अडलंय पुढे. नोमॅडमध्ये (बदलांची लोकसमूहवार वारंवारता देणारा डेटाबेस) सगळा 'दक्षिण आशियाई' एकच गठ्ठा! लोहाणा, सिंधी अशी वेगळी वारंवारता देणारा डेटाबेस कोणी वापरलाय का? इथाजीन्समध्ये (हिमोग्लोबिन विकारांच्या बदलांचा डेटाबेस) मिळेल की इंडिजीनोम्समध्ये (भारतीयांच्या जीनोमचा डेटाबेस)? कुठला फिल्टर लावायचा, तेही सांगा. सिकलसेल आजाराचा बदल आरएस३३४ तिथेच सापडला तर दुधात साखर.