मदत हवी आहे : बॅटरी न खाणारा ब्राउझर कोणता?

माणदेशी_आबा
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. लॅपटॉपची बॅटरी सव्वा तासात बसते. पुतण्या म्हणाला ब्राउझर बदला. बदलला, काडीचा फरक नाही. आता दुसरा टाकायचा तर कोणता? आमच्याकडे दर गुरुवारी सकाळी नऊला लाईट जाते ती दोन-अडीचला येते, पोरीचा अभ्यास तेवढ्यात अडकतो. गूगल करा म्हणू नका, केलंय. आज मंगळवार आहे, काय ते लवकर सांगा.

चकलीभाजणी
आधी कोणता होता, आता कोणता टाकला? लॅपटॉप कोणता, कधीचा?

एकटा_टायगर
एज टाका, डोळे झाकून. मायक्रोसॉफ्टने चार ब्राउझर एकसारख्या लॅपटॉपवर लावून व्हिडिओ सुरू ठेवले होते. एज ७ तास २२ मिनिटं चाललं, क्रोम ४ तास १९ मिनिटांत गार. विषय संपला.

खडूस_मास्तर
टायगर, ती परीक्षा २०१६ची. पेपर काढणारा, तपासणारा आणि पहिला येणारा एकच. शिवाय ते जुनं एज आता राहिलंच नाही. जानेवारी २०२०पासून एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्याच पायावर चालतं, म्हणजे क्रोमच्याच पिठाचं थालीपीठ. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सगळी त्याच परातीतली. वेगळं पीठ हवं तर फायरफॉक्स, नाहीतर ॲपलवाल्यांचं सफारी.

एकटा_टायगर
पीठ एक असलं तरी हात वेगळा असतो मास्तर. एजमध्ये न वापरलेले टॅब झोपवायची सोय २०२१पासून आहे.

खडूस_मास्तर
आणि क्रोममध्ये मेमरी सेव्हर, एनर्जी सेव्हर २०२२च्या डिसेंबरमध्ये आले. पुढे?

पेंग्विन_कोल्हापुरी
विंडोज काढा, लिनक्स मिंट टाका. माझा २०१३चा लॅपटॉप अजून पळतोय. विंडोज १०चा आधार तसाही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

चकलीभाजणी
त्यांच्याकडे विंडोज १० आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

माणदेशी_आबा
अहो, लॅपटॉप साधाच आहे. आय फाइव्ह. २०१६च्या दिवाळीत घेतलेला. विंडोज १०च आहे. टॅब एकच उघडा असतो, त्यामुळे झोपवायचं कुणाला? परवापर्यंत मिंट वगैरे जमणार नाही.

आजीचा_बटवा
माझ्या भाच्याने बॅटरी काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली होती. बराच फरक पडला म्हणे.

खडूस_मास्तर
आबा, हे अजिबात करू नका. बाहेर काढली की दव धरतं, लिथियमच्या बॅटरीला ओल चालत नाही.

शून्यप्रहर
एकच टॅब, पण त्यात काय चालू असतं? आणि लाईट गेल्यावर वायफायही जात असेल, मग नेट कुठून येतं?

माणदेशी_आबा
अभ्यास म्हटलं ना वर. यूट्यूबवरची लेक्चरं. बारावी सायन्स आहे. नेट माझ्या मोबाइलचं, हॉटस्पॉट लावून देतो.

स्पष्टवक्ती
राग मानू नका आबा, पण आमच्या वेळी बारावी वही-पुस्तकावर झाली. लाईट नसते ते पाच तास मुलीला लिहायला बसवा.

माणदेशी_आबा
ताई, लिहितेच ती. प्रश्न बॅटरीचा आहे. एक गंमत सांगायची राहिली. क्लासवाल्यांनी पेनड्राइव्हवर काही लेक्चरं दिलीत. ती व्हीएलसीमध्ये लावली की तोच लॅपटॉप दोन तासांच्या आसपास चालतो. म्हणून तर ब्राउझरवर संशय आला.

शून्यप्रहर
ही गंमत राहिली नसती तर निम्मे प्रतिसाद वाचले असते :)

व्हिडिओ दाबून भरलेला असतो आणि दाखवताना तो उलगडावा लागतो. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळी सोय असते, ती थोड्या विजेत काम उरकते. पण त्या चिपला व्हिडिओची भाषा यावी लागते. पेनड्राइव्हवरच्या फायली बहुधा एच२६४च्या असतील, ती भाषा जुन्या चिपांनाही येते. यूट्यूब मात्र ब्राउझरला सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये पाठवतं. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ची पुरी सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची अकराव्या. २०१६च्या दिवाळीतला तुमचा आय फाइव्ह सहाव्या पिढीचा असणार. मग ते ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं, पंखा फिरतो आणि बॅटरी बसते. ब्राउझर कुठलाही असो, यूट्यूबने पाठवलेलं पार्सल तेच, म्हणून बदलून उपयोग झाला नाही.

व्हिडिओवर उजवं क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकपुढे, म्हणजे व्हिडिओच्या भाषेपुढे, व्हीपी०९ दिसतं, एव्ही०१ की एव्हीसी१? आणि ती कितीच्या वेगाने बघते?

माणदेशी_आबा
व्हीपी०९ आहे. वेग दुप्पट ठेवते. म्हणते सर फार हळू बोलतात.

शून्यप्रहर
म्हणजे कामही दुप्पट. एका तासात दोन तासांची चित्रं उलगडायची.

फायरफॉक्स घ्या, त्यात 'एन्हान्स्ड एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन टाका, व्हीपी९ आणि एव्ही१ दोन्ही अडवा. यूट्यूब निमूट एच२६४ पाठवेल, कोडेकपुढे एव्हीसी१ दिसेल. व्हिडिओची क्वालिटी ७२०वर ठेवा, फळ्यावरचं दिसतं तेवढ्यात. ब्राइटनेसही जरा उतरवा.

जाहिरातमुक्त
फायरफॉक्स घेताच आहात तर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पण टाका. खरी बॅटरी जाहिराती खातात. क्रोमने त्याचा काटा काढला, तिथे आता फक्त लाइट आवृत्ती.

खडूस_मास्तर
एका टॅबात यूट्यूब चालू असताना जाहिराती किती खाणार? बातम्यांची वीस पानं उघडी असतील तर तुमचं बरोबर.

पेंग्विन_कोल्हापुरी
मिंटवर पण फायरफॉक्सच येतं.

शून्यप्रहर
हो, आणि लिनक्सवर इंटेल चिपकडून व्हिडिओ उलगडायची सोय फायरफॉक्समध्ये आपोआप चालू झाली ती ११५व्या आवृत्तीपासून, २०२३मध्ये. पण चिपला जी भाषा येत नाही ती मिंट टाकून कशी येईल?

आबा, बॅटरीही तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट, इंग्रजीत टाइप करा. फाइल कुठे तयार झाली ते तिथेच लिहून येईल. त्यातले डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे द्या.

माणदेशी_आबा
४१,०४० आणि २२,९००.

शून्यप्रहर
बॅटरीच निम्म्याच्या जरा वर उरलीय. नऊ वर्षं ओलांडली म्हणजे तिने पुष्कळ केलं. ब्राउझर कितीही सुधारला तरी पाच तास निघणार नाहीत, हे आधीच सांगतो.

माणदेशी_आबा
गुरुवारचा अहवाल. नऊ वाजून पाच मिनिटांनी पूर्ण चार्जवर सुरू केला, दहा पन्नासला बंद पडला. पंख्याचा आवाज नाही. दुप्पट वेग सोडायला पोरगी तयार नाही, दीडवर तडजोड झाली. शून्यप्रहर, मनापासून आभार. नवी बॅटरी विचारली, दुकानदार डुप्लिकेट दीड हजारात देतो म्हणतो. घेऊ का?

एकटा_टायगर
डुप्लिकेट नको. माझी आठ महिन्यांत फुगली, टचपॅड वर उचललं गेलं होतं.

आजीचा_बटवा
माझी चार वर्षं झाली, मस्त चालतेय.

खडूस_मास्तर
छोटा इन्व्हर्टर बघा. राउटर, लॅपटॉप आणि एक पंखा आरामात निघतो. गुरुवार काही बंद होणार नाहीत.

चकलीभाजणी
सगळं मिटलं, छान. पण आधी कोणता ब्राउझर होता आणि पुतण्याने कोणता टाकला होता?

माणदेशी_आबा
पुतण्याला विचारून सांगतो.