वीज-गॅसवाला म्हणून दारात आलेला माणूस खरा की तोतया, कसं ओळखायचं?

बावधनकर:
आईबाबा पुण्यात दोघंच असतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सोसायटी जुनी, वॉचमन फक्त रात्रीचा. वीज महावितरणची, स्वयंपाकाला सिलिंडर. "मीटर चेक करायचाय", "गॅसची सरकारी तपासणी आहे" असं सांगत माणसं येतात. ओळखपत्र बघणं पुरतं का? आत घेतलं नाही तर लाइट तोडतील का? आणि गॅसची तपासणी खरंच असते का?

मीटरपेटी:
ओळखपत्र पुरत नाही. फोटो, लोगो, गळ्यातली पट्टी, सगळं झेरॉक्सच्या दुकानात तासाभरात होतं. कार्डावरचा क्यूआर कोडही ज्याने कार्ड छापलं त्याच्याच पानावर नेणार. "तुमचा ग्राहक क्रमांक आहे माझ्याकडे, थकबाकी एवढी आहे" यालाही भुलू नका. जुन्या इमारतीत बिलं ग्रिलला खोचलेली नाहीतर जिन्यातल्या पेटीत पडलेली असतात. त्यांवर नाव, पत्ता, १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट असतं. ते टिपून घेऊन तिसऱ्या मजल्यावर येणं अवघड नाही.

त्यापेक्षा तो कशासाठी आलाय ते बघा. रीडिंग घेणारा मीटरचा फोटो काढतो आणि जातो. मीटर खाली पार्किंगमध्ये असेल तर त्याला घरात यायचं कारणच नाही. मीटर बदलायचा असेल तर जुन्या-नव्या मीटरचे क्रमांक आणि जुनं शेवटचं रीडिंग कागदावर येतं, त्याची प्रत मागा. नव्या स्मार्ट किंवा टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणाऱ्या) मीटरसाठी दारात पैसे द्यायचे नसतात.

नकाराबद्दल: वीज कायदा २००३ चं कलम १६३ बघा. कंपनीच्या अधिकृत माणसाला घरात यायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला कळवून. तरीही येऊ दिलं नाही, तर कंपनीला लेखी नोटीस देऊन २४ तास थांबावं लागतं, त्यानंतरच वीज तोडता येते. म्हणजे आईंनी जाळीच्या दाराआडून "थांबा, आधी १९१२ला (महावितरणच्या हेल्पलाइनला) विचारते" म्हटलं तर काहीही बिघडत नाही. खरा माणूस थांबतो. तोतयाला घाई असते, तो "मग माझ्यावर बोलू नका" म्हणत आवाज चढवतो.

थकबाकीसाठी वीज तोडायची तरी कलम ५६ प्रमाणे १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. "आत्ता भरा नाहीतर खांबावर चढतो" हे त्यात बसत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे "मीटरमध्ये छेडछाड आहे, वीजचोरीची केस होईल, वीस हजारांत मिटवू". खरं भरारी पथक पंचनामा करतं, सही घेतं, आणि रक्कम नंतर आकारणीच्या बिलाने येते. कलम १३५ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय घराची झडती घ्यायची तर घरातला प्रौढ पुरुष हजर लागतो. हातात रोख मागणारा माणूस तोतया निघाला तर ११२. खराच कर्मचारी असून मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४.

शेगडीवाला:
गॅसची तपासणी खरी असते. घरगुती जोडणीची ५ वर्षांतून एकदा सक्तीची तपासणी आहे, म्हणूनच हा बहाणा इतका चालतो. पण मेकॅनिक तुमच्या एजन्सीचा असतो, आणि एजन्सीचा नंबर गॅसच्या पुस्तकावर असतो. माणूस बाहेर उभा असतानाच फोन लावा: आज कोणाला पाठवलंय का, आणि शुल्क किती?

तोतयांचा धंदा पाइपवर चालतो. "पाइप एक्स्पायर झालाय, आजच बदलला नाही तर सिलिंडर बंद." बदलून देतात तो वरून केशरी, आत नुसतं रबर. खऱ्या सुरक्षा पाइपमध्ये तारेची जाळी असते, बोटांनी दाबला तर सहज चपटा होत नाही. त्यावर आयएस ९५७३ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं. त्या तारखेपासून ५ वर्षं धरा. आजच स्वयंपाकघरात जाऊन ती तारीख वाचून ठेवा, म्हणजे पुढचा वाद मिटला.

गळती दाखवायची युक्ती अशी: रेग्युलेटर काढायचा, पुन्हा अर्धवट बसवायचा आणि साबणाचं पाणी लावायचं. फेस फुगणारच! म्हणून रेग्युलेटरला त्याला हातच लावू देऊ नका. स्वतः बघायचं तर शेगडीच्या चाव्या बंद, रेग्युलेटर चालू, आणि पाइपच्या दोन्ही टोकांना व रेग्युलेटरच्या तोंडाशी साबणाचा फेस. (काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. नका.) बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद, सिलिंडरला टोपी, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६. ही गळतीची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे.

पैसे द्यायचेच झाले तर एजन्सीच्या छापील पावतीवर, ज्यावर तुमचा ग्राहक क्रमांक आहे. यूपीआय करताना पैसे पाठवायच्या आधी नाव दिसतं. तिथे एजन्सीऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. आणि दोघं आले तर एकालाच आत घ्या. एक ओट्याशी बोलत राहतो, दुसरा "बाथरूमचा गीझर बघतो" म्हणून आतल्या खोलीत जातो.

बावधनकर:
खूप उपयोगी. आता फोनचं सांगा. "आज रात्री ९:३०ला वीज बंद होईल" असा मेसेज बाबांना येऊन गेलाय. चुकून पुढे काही दाबलं गेलं तर?

ओटीपी_नाही:
महावितरणचा खरा मेसेज ज्या सेंडर आयडीवरून येतो त्यात एमएसईडीसीएल (MSEDCL, महावितरणचं इंग्रजी लघुरूप) ही अक्षरं असतात. १० आकडी मोबाइल नंबरवरून आलेला मेसेज सरळ उडवा. दिलेल्या नंबरवर फोन केला की ते स्क्रीन दाखवणारं ॲप, म्हणजे एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट, घ्यायला सांगतात आणि "अपडेटसाठी फक्त १० रुपये भरा" म्हणतात. १० रुपयांत त्यांना रस नसतो. ते भरताना तुम्ही टाकलेला कार्ड नंबर आणि आलेला ओटीपी त्यांना पलीकडे दिसतो. दुसरा प्रकार व्हॉट्सॲपवर "बिल अपडेट" नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागते, मग ओटीपी परस्पर जातो.

उघडली गेली तर हा क्रम: फोन विमान मोडवर, वायफाय बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद. लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. बँकेला लेखी कळवणंही त्याच दिवशी. मग ॲप काढा. काढायचं बटण फिकट दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" आणि "ॲक्सेसिबिलिटी" यांतून आधी त्याची परवानगी काढा. तक्रारीसाठी मेसेज आणि नंबराचे स्क्रीनशॉट ठेवा. शेवटी विमान मोड काढून ##००२# डायल करा, म्हणजे कोणी कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील) तर रद्द होतं.

मीटरपेटी:
एक राहिलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: ग्राहक क्रमांक, १९१२, एजन्सीचा नंबर, १९०६, १९३०, शेजाऱ्यांचा नंबर. वीज आणि एजन्सीचे नंबर बिलावरून, पुस्तकावरून उतरवा, गूगलवरून नको. तिथे कस्टमर केअर म्हणून वर दिसणाऱ्या नंबरांत याच टोळ्यांनी टाकलेलेही असतात. आणि जाड मार्करने लिहा, आईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.