गणित हाताने करून शिकवायचंय, पण नुसती हस्तकला नको, काय करता येईल?

खडूफळा:
मी सहावी-सातवीला गणित शिकवते. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. नेटवर अ‍ॅक्टिव्हिटी शोधल्या तर बहुतेक रंगवा-चिकटवा टाइप असतात, मुलं खूश होतात पण गणित कुठे झालं तेच कळत नाही. कागद, दोरा, कात्री एवढ्यावर होणारं आणि मुलांना खरंच विचार करायला लावणारं काही कोणी केलंय का?

कोनमापक:
त्रिकोणाचे कोपरे फाडण्यापासून सुरू करा मॅडम. प्रत्येकाने आपल्या मनाचा त्रिकोण कापायचा, बुटका, लांबुडका, कसाही. तिन्ही कोपऱ्यांवर आधी पेनाने खूण करायची (ही खूण महत्त्वाची, नाहीतर फाडल्यावर कुठला कोपरा खरा तेच समजत नाही), मग कात्री न वापरता हाताने फाडायचे आणि टोकाला टोक लावून ठेवायचे. चाळीस वेगवेगळे त्रिकोण आणि सगळ्यांची सरळ रेघ. 180 हा आकडा तुम्ही अजिबात बोलू नका, तो त्यांच्याच तोंडून येऊ दे. लगेच चौकोन द्या, चारही कोपरे मिळून पूर्ण फेरा भरतो.
पण ही सिद्धता नाही हे त्याच तासाला सांगा. कागदावर एखादा अंश इकडचा तिकडे झाला तरी डोळ्यांना कळत नाही. समांतर रेषेची सिद्धता दुसऱ्या दिवशी घ्या, मुलं तेव्हा ऐकायला तयार असतात.

दोरा_आणि_व्यास:
पाय (π), म्हणजे परीघ भागिले व्यास, यासाठी झाकणं आणि दोरा. झाकणाभोवती दोरा एकदाच गुंडाळला तर मोजण्यातली चूक बरीच मोठी पडते, पाच वेढे द्या आणि पाचाने भागा, फरक लगेच दिसतो. भागाकार करून थांबू नका. सगळ्या वर्गाची मापं एकाच ग्राफवर घ्या, आडवा व्यास, उभा परीघ. ठिपके जवळपास एका सरळ रेषेत पडतात आणि एखाद्या गटाचं माप चुकलं असेल तर त्यांचा ठिपका बाहेर पडतो, मग ती मुलं स्वतःच परत मोजायला पळतात.

आतला_ठिपका:
माझं सगळ्यात आवडतं, ठिपक्यांचा चौकटी कागद. कोपरे ठिपक्यांवरच येतील असा कुठलाही आकार काढायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: आत किती ठिपके, कडेवर किती, क्षेत्रफळ किती. सुरुवातीला आत एकही ठिपका नाही असेच आकार काढायला लावा. कडेवर 3 ठिपके तर क्षेत्रफळ अर्धा, 4 तर 1, 5 तर दीड, 6 तर 2. एवढं तक्त्यात दिसलं की वर्गात कुजबुज सुरू होते. मग कडेवरचे तेवढेच ठेवून आत एक ठिपका येऊ द्या, क्षेत्रफळ बरोबर एकाने वाढतं. शेवटी मुलं स्वतःच नियम मांडतात: आतले ठिपके, अधिक कडेवरच्यांचे निम्मे, वजा एक. हे पिक नावाच्या गणितज्ञाचं प्रमेय, 1899 सालचं, पण नाव सगळ्यात शेवटी सांगा. साधन काहीच लागत नाही आणि वाकडातिकडा आकार काढणाऱ्या मुलाला इथे पहिल्यांदा भाव मिळतो!

पट्टीचा_पीळ:
वरचं सगळं पटलं. एकच भर घालते, कात्री हातात द्यायच्या आधी अंदाज फळ्यावर लिहून घ्या. मोबियस पट्टी म्हणजे कागदाची पट्टी अर्धा पीळ देऊन चिकटवायची. मधोमध कापली तर काय होईल? बहुतेक हात ‘दोन कडी’ला वर जातात आणि निघतं एकच लांब कडं. मग कडेपासून एक तृतीयांशावर कापा, या वेळी दोन कडी निघतात, एक लांब, एक छोटं, एकमेकांत अडकलेली. अंदाज लिहिलेला असला की तो का चुकला हे मुलं शोधत बसतात, नाहीतर हीच गोष्ट जादूचा प्रयोग होऊन संपते.

खडूफळा:
सगळ्यांना मनापासून थँक्यू! ठिपक्यांपासून सुरू करते. एक शंका, एखाद्याने आकाराच्या मधे भोक ठेवलं तर? आमच्याकडे असं विचारणारी दोघं-तिघं नक्की आहेत.

आतला_ठिपका:
मग तर मजाच! 3 बाय 3 चा चौरस घ्या, मधला एक चौकोन काढून टाका. आत ठिपके शून्य, बाहेरच्या कडेवर 12 आणि भोकाच्या कडेवर 4, एकूण 16. नियमाने उत्तर येतं 7, मोजलं तर 8. दोन भोकं केली तर किती फरक पडेल हे त्या दोघा-तिघांनाच शोधायला द्या आणि काय म्हणतात ते इथे टाका.