तोंडाला वास येतो: तपासणीत काय निघालं आणि रोज काय करता?

गंगावेसकर
हा विषय चारचौघांत कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम काढतोय. आपल्या कोल्हापुरात वासाचं निदान ठरलेलं असतं: पोट साफ नाही, त्रिफळा घे. माझ्या डेंटिस्टनी पोटाचं नाव शेवटी काढलं. बहुतेकांचा वास तोंडातच तयार होतो म्हणाले. जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या खाचांत, जिथं हवा पोचत नाही, तिथले जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात.

तपासणीला येताना सकाळी ब्रश, चहा, सेंट काही नको, असं आधीच बजावलं होतं. आधी नाकानं, मग तोंडानं श्वास सोडायला लावून त्यांनी जवळून वास घेतला. नाकाच्या श्वासाला नाही आणि तोंडाच्याला आहे, म्हणजे उगम तोंडात. मग प्लास्टिकच्या चमच्यानं जीभ मागून खरवडून तो चमचा हुंगला. (मलाच लाजल्यासारखं झालं, ते मात्र निवांत.) शेवटी खुणा असलेली बारीक सळई हिरडीत घालत आकडे सांगत गेले, असिस्टंट लिहीत होती: दोन, तीन, तीन, सहा. खाच तीन मिलिमीटरपर्यंत खोल असली तर ठीक. मागच्या दाढांना पाच-सहा निघाले. हिरडीखालची सफाई झाली. आता रात्री दाढांच्या फटींत बारीक ब्रश फिरवल्याशिवाय झोपत नाही. घरच्यांनी सांगितलं, वास गेला.

तुमचं लिहा. दवाखान्यांची नावं नकोत. लवंग-वेलचीही नको, ती सगळ्यांना पाठ आहे.

राजारामपुरी_बाई
मी शाळेत शिकवते. दात, हिरड्या ठणठणीत, तरी तिसऱ्या तासाला तोंड कोरडं पडून वास सुरू. डॉक्टरांनी पहिल्यांदा चालू गोळ्यांची चिठ्ठी मागितली. धुळीच्या ॲलर्जीची गोळी रोज चालू होती, तिच्यानं लाळ कमी होते. लाळ तोंड धूत असते, ती आटली की जंतूंचं फावतं. ज्यांनी गोळी दिली त्यांनाच विचारून ती बदलून घेतली. टेबलावर पाण्याची बाटली, मधल्या सुट्टीत बिनसाखरेचं च्युइंगम. मुलांना वर्गात च्युइंगम बंदी आणि बाईंच्या पर्समध्ये पाकीट, हे त्यांना कळू नये!

तालमीतला
भावांनो, तांबड्या रश्श्यावर बिल फाडू नका. लसणातला एक वायू रक्तात जातो आणि फुप्फुसातून श्वासात येतो, म्हणून कितीही ब्रश करा, तो आपल्या वेळेनंच जातो. तो आजार नाही. रस्सा न खाताही रोज येतो त्याची काळजी करा.

करवीरची_सून
आमच्या सासूबाईंची मिशरी. सकाळी चुलीपाशी बसून बोटानं लावायची, नंतर दुपारी, मग टीव्ही बघताना. मी काही म्हटलं की "मिशरीनं दात घट्ट ऱ्हात्यात गं". नातवानं "आज्जी, वास येतोय" म्हणून तोंड फिरवलं तेव्हा कुठं दवाखान्यात यायला तयार झाल्या. डॉक्टरांनी वास बाजूला ठेवून आधी ओठाच्या आतला पांढरा चट्टा बघितला, कारण तंबाखूनं येणारे चट्टे कॅन्सरच्या वाटेवरचे असू शकतात. तुकडा काढून तपासला. सुदैवानं तसं काही निघालं नाही. दोन दात हलत होते, तेही मिशरीनं "घट्ट" ठेवलेलेच. आता सकाळची मिशरी सुटलीय, दुपारची चोरून चालते असा मला दाट संशय आहे. वास निम्मा कमी. पूर्ण सोडल्याशिवाय पूर्ण जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

टाकाळा_९
टॉन्सिलच्या खड्ड्यांतले खडे. खोकताना तांदळाएवढा पांढरा कण पडायचा, बोटानं चिरडला की घाण वास. डेंटिस्टनी कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलं. ऑपरेशन लगेच नको म्हणाले. जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्यानं जोरात गुळण्या. माझं तेवढ्यावर भागतंय.

बिंदूचौक
मेडिकलमधून क्लोरहेक्सिडीनचं (जंतुनाशक) माउथवॉश आणून महिनोन्महिने वापरणाऱ्यांसाठी: ते डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. लांबलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. पांढऱ्या रश्श्याची चव घालवून काय मिळवायचं?

नाव_नको
माझं वेगळं. वर्षानुवर्षं तोंडावर हात ठेवून बोलायचो. तपासणीत वास नाहीच निघाला, बायकोही नाहीच म्हणत होती. डॉक्टर हसले नाहीत. अशी भीती खरीच असते म्हणाले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवलं. जातोय. केएमटीच्या बसमध्ये आता शेजारच्याशी बोलतो.

कसबा_बावडा
टंग क्लीनर मागे नेला की उलटी येते. काय करता?

गंगावेसकर
जीभ पूर्ण बाहेर काढा, श्वास सोडत ओढा. सुरुवातीला मधूनच, रोज थोडं थोडं मागे. हलक्या हातानं, रक्त येईपर्यंत खरवडायचं नाही. आणि चहाच्या आधी.